आमच्या बैठकीत बंद सॉफ्टवेअरचा डेमो नको

आमच्या लिनक्सवाल्यांच्या, म्हणजे लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या, गटाची पुण्यात महिन्यातून एका शनिवारी बैठक असते. हॉल एका कॉलेजचा, प्रोजेक्टर कुणीतरी ऑफिसातून आणलेला, चहा-बिस्किटांचे पैसे जमतील तसे. गेल्या महिन्यात बॅकअपचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीचा आम्हाला मेल आला. वर्षभराचं हॉलचं भाडं आम्ही भरतो, खाण्यापिण्याचं आम्ही बघतो, विद्यार्थ्यांना टी-शर्ट देतो. त्या बदल्यात दर तिसऱ्या बैठकीत आमच्या प्रॉडक्टचा पाऊण तासाचा डेमो ठेवा. प्रॉडक्ट लिनक्सवर चालतं आणि चांगलं चालतं असं ऐकून आहे. सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, मात्र बंद; तो कंपनीबाहेर कुणाला बघता येत नाही.

पुढच्या बैठकीत यावर हात वर करून निर्णय होणार आहे. माझा हात विरोधात असेल. का, ते इथे सविस्तर लिहिते, कारण चहाच्या गडबडीत चार वाक्यांत सांगितलं की त्यातून फक्त "कंपन्या वाईट" एवढंच ऐकू जातं, आणि ते माझं म्हणणं नाही. मी स्वतः नारायण पेठेतल्या एका प्रकाशन-छपाईच्या व्यवसायात सर्व्हर, नेटवर्क आणि बॅकअप सांभाळते. बॅकअपच्या कंपन्यांचे लोक माझ्याकडे येतच असतात, मी त्यांना चहा देते, त्यांचं ऐकते. ऑफिसात डेमो बघायला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती आमच्या बैठकीत तो ठेवायला.

ज्यांना हा प्रस्ताव पटतो त्यांची कारणंही नीट ऐकण्यासारखी आहेत. आमचे एक सर आहेत, फ्लॉपीवरून लिनक्स टाकायच्या काळापासून या कामात असलेले. गटातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शेल (कमांड टाइप करून कॉम्प्युटर चालवायची पद्धत) शिकवली आहे, मलाही. ते म्हणाले, "अगं, ही पोरं नोकरीच्या आशेनं येतात. कंपन्यांत जे वापरतात ते त्यांनी बघायला नको का?" दुसऱ्या एकाचं म्हणणं, आपण तरी कुठे सोवळ्यात आहोत? कोड ठेवतो ती गिटहब साइट बंद सोर्सची, खिशातल्या फोनमधलं अर्धं सॉफ्टवेअर बंद. आणि भाड्याचा प्रश्न तर सगळ्यांच्याच डोक्यावर आहे.

सरांच्या मुद्द्याबद्दल मी बराच विचार केला. विद्यार्थी नोकरीसाठी येतात हे खरंच आहे आणि त्यात गैर काही नाही. पण प्रॉडक्टचा डेमो त्यांना कंपनी कधीही दाखवेल. वेबिनार असतात, ट्रायल असते, कॉलेजात येऊन सेमिनार घ्यायलाही कंपन्या तयार असतात. आमच्या बैठकीत जे मिळतं ते दुसरीकडे फारसं मिळत नाही. काय मिळतं, ते एका उदाहरणाने सांगते.

मागे आमच्याकडे एका मुलीने स्क्रायबस या पानं लावायच्या खुल्या प्रोग्राममध्ये मराठी पुस्तकाचं पान लावून दाखवलं. स्क्रायबसला देवनागरी नीट जमायला लागली ती २०१७ च्या १.५.३ या आवृत्तीपासून, कारण तेव्हा त्यात हार्फबझ आलं. अक्षरांची जोडाजोड करून जोडाक्षरं मांडणारं हे खुलं इंजिन फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस अशा सगळ्यांच्या पोटात आहे. पान छान लागत होतं आणि मधेच "दऱ्याखोऱ्या" शब्द फुटला. र ची ती आडवी, किंचित वळलेली रेघ यायच्या ऐवजी खाली टिंब असलेला अख्खा ऱ, त्याला हलन्त, आणि शेजारी सुटा य. डेमो देणारी मुलगी गडबडली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "स्क्रायबस बाजूला ठेव, एचबी-व्ह्यू चालव." एचबी-व्ह्यू म्हणजे हार्फबझने मांडलेला शब्द थेट दाखवणारी कमांड. टर्मिनलवर त्याच फॉन्टमध्ये तोच शब्द काढला, तिथेही फुटलेला. मग लोहित देवनागरी या दुसऱ्या फॉन्टमध्ये काढला, तिथे नीट. म्हणजे स्क्रायबस निर्दोष, हार्फबझ निर्दोष, खोट फॉन्टमध्ये. फॉन्ट खुल्या परवान्याचा होता, म्हणून तिथेच फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या प्रोग्राममध्ये उघडला. अर्ध्या ऱ ची आकृती फॉन्टमध्ये काढलेली होती. पण ऱ आणि हलन्त एकत्र आले की ती आकृती घ्या, असं सांगणारी ओळ "हाफ" फीचरच्या, म्हणजे अर्धी अक्षरं कधी वापरायची ते सांगणाऱ्या, टेबलात नव्हती. ओळ घातली, फॉन्ट पुन्हा तयार केला, पान उघडलं, "दऱ्याखोऱ्या" जुळल्या. ती दुरुस्ती त्या मुलीने त्याच संध्याकाळी फॉन्टच्या मूळ प्रकल्पाकडे पाठवून दिली.

हॉलमध्ये बसलेल्या निम्म्यांना डीटीपीशी काही देणंघेणं नव्हतं. पण दोष वरच्या थरात आहे की खालच्या, हे एकेक थर बाजूला करून कसं शोधायचं ते सगळ्यांनी पाहिलं. नेटवर्कमध्ये तेच करावं लागतं, डेटाबेसमध्येही तेच. मुलाखतीत उपयोगी पडतं ते हे, असं मी सरांना सांगितलं. हाच प्रसंग बंद सॉफ्टवेअरच्या डेमोत घडला असता तर समोरचा माणूस कितीही भला असो, त्याला एवढंच म्हणता आलं असतं: "नोंद घेतो, सपोर्टला कळवतो." कारण पुढचं दार त्यालाही उघडता येत नाही, किंवा येत असलं तरी चारचौघांत उघडायची परवानगी नसते. आमच्या बैठकीचा निम्मा वेळ "हे आत कसं चालतं?" या प्रश्नात जातो. पाहुण्याला मंचावर बोलवायचं आणि त्याला उत्तर द्यायची मुभाच नाही असा प्रश्न विचारत राहायचं, हे त्या पाहुण्यालाही अवघडच.

मी छपाईच्या व्यवसायात असल्यामुळे या बाबतीत जरा जास्तच हळवी आहे, ते लपवत नाही. आमच्याकडे नव्वदच्या दशकातल्या पुस्तकांच्या पेजमेकर फायली आहेत. तेव्हा मराठी डीटीपीत युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, नव्हतं. प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापलं एन्कोडिंग केलं होतं. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले, इथे काना, तिथे अर्धा श, तिसरीकडे नुसता रफार. तो फॉन्ट आणि कॉम्प्युटरच्या मागे लावायचं त्याचं डाँगल असेपर्यंत पुस्तक पुस्तक असतं. ते नसलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या चिन्हांचा नुसता सडा. काही एन्कोडिंगसाठी लोकांनी कन्व्हर्टर लिहिले आहेत, त्यांनी बरंच निभावतं, पण रफार आणि पहिली वेलांटी हटकून जागा चुकतात आणि प्रूफरीडरला ओळ न् ओळ तपासावी लागते. एका कादंबरीची नवी आवृत्ती काढायची होती तेव्हा आम्ही शेवटी छापील प्रत समोर ठेवून ती पुन्हा टाइप करून घेतली. लेखक हयात नव्हते. त्यांचं हस्तलिखित नव्हतं. फाइल होती, पण वाचता येत नव्हती.

ती पॅकेजं विकत घेतली गेली तेव्हा वाईट नव्हती. त्या काळात मराठी पुस्तकं पडद्यावर लावता आली ती त्यांच्यामुळेच. पण "तुमचं पॅकेज उद्या नसेल तर माझी फाइल मी कशाने उघडू?" हा प्रश्न विचारला गेला नाही, आणि डेमो देणारा तो आपणहून काढणार नाही. माझ्या मते आमच्या गटाचं काम हा प्रश्न विचारायला शिकवणं आहे. आणि बॅकअपच्या बाबतीत तर दुसरा प्रश्नच नाही. बॅकअप काढता येतो का, हे कुणीही दाखवेल. परवाना संपला, कंपनी विकली गेली, सर्व्हर जळाला, तेव्हा तो परत उघडता येतो का, हे खरं.

याच पेचात खुद्द कर्नलवाले, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणारे, सापडले होते आणि त्याची कथा माझ्या मताच्या मुळाशी आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नलचं काम बिटकीपरवर नेलं. हे लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीचं व्हर्जन कंट्रोल, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन. खुल्या प्रकल्पांना फुकट, पण सोर्स बंद, आणि परवान्यात अट अशी की फुकट आवृत्ती वापरणाऱ्याने प्रतिस्पर्धी व्हर्जन कंट्रोलवर काम करायचं नाही. विरोध तेव्हाही झाला, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी केला, कर्नलमधल्या काहींनी केला. पण एकट्या लिनस यांच्यावर पॅचेसचा, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या बदलांचा, ढीग साचत होता, आणि त्या वेळच्या खुल्या साधनांत त्या कामाला पुरेल असं काही नव्हतं. बिटकीपर खरोखर चांगलं होतं. त्यांनी हो का म्हटलं ते मला समजतं.

मग आले अँड्र्यू ट्रिजेल. लिनक्स आणि विंडोजमध्ये फायली वाटून घ्यायचं साम्बा त्यांचं, फायलींच्या प्रती जुळत्या ठेवणारं आरसिंकही त्यांनीच सुरू केलेलं. कर्नलचा सगळा इतिहास बिटकीपरच्या सर्व्हरवर आहे, तो बिटकीपर न वापरता खाली उतरवता यावा म्हणून त्यांनी स्वतःचा छोटासा प्रोग्राम लिहायला घेतला. बिटमूव्हरला ते मान्य नव्हतं. एप्रिल २००५ मध्ये कंपनीने फुकट आवृत्ती मागे घेतली, आणि जगभरात पसरलेल्या एवढ्या मोठ्या प्रकल्पाच्या हातातलं रोजचं साधन गेलं. लिनस यांनी ३ एप्रिलला गिट हे स्वतःचं व्हर्जन कंट्रोल लिहायला घेतलं, ७ एप्रिलला गिटचा सोर्स गिटमध्येच राहू लागला, आणि जूनमधलं २.६.१२ हे कर्नल गिटवरून निघालं. मॅट मॅकॉल यांचं मर्क्युरियल हे दुसरं खुलं व्हर्जन कंट्रोलही त्याच एप्रिलातलं.

शेवट गोड झाला म्हणून "बघा, काही बिघडलं का?" असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. तिथे लिनस टोरवाल्ड्स होते, म्हणून निभावलं. आमच्या गटातल्या मुलांपैकी कुणी एखाद्या छोट्या कारखान्यात किंवा सहकारी बँकेत बॅकअप बसवणार, आणि एक दिवस परवान्याची अट बदलली तर काही दिवसांत नवं साधन लिहून काढणारा त्यांच्याजवळ कुणी नसणार.

त्याच एप्रिलात कॅनबेरामध्ये ऑस्ट्रेलियाची लिनक्स परिषद होती. ट्रिजेल यांनी तिथे हजारभर नजरांसमोर वगैरे काही भव्य केलं नाही. टेलनेट या दुसऱ्या कॉम्प्युटरशी थेट जोडणाऱ्या साध्या प्रोग्रामने बिटकीपरच्या सर्व्हरच्या पोर्टला जोडून घेतलं आणि श्रोत्यांना विचारलं, आता काय टाइप करू? सभागृहातून आवाज आला, "हेल्प." त्यांनी हेल्प टाइप केलं, आणि सर्व्हरने आपल्याला कळणाऱ्या कमांडची यादी समोर टाकली. एवढी साधी गोष्ट. नीट पाहिलं तर तोही बंद सॉफ्टवेअरचाच डेमो होता. पण तो आमच्याकडे कुणी द्यायचा म्हटलं तर मी स्वतः जाऊन हॉलची किल्ली आणेन. कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते घरी जाऊन करून बघता येत होतं, आणि विषय होता आपलाच डेटा आपल्याला कसा मिळवता येईल हा. म्हणून "बंद सॉफ्टवेअरचं नावही काढायचं नाही" असा नियम कुणी मांडला तर मी त्याच्याही विरोधात असेन. एखाद्या बंद डेटाबेसमधून पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसवर यायचं कसं, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा कसा, कंपनीच्या प्रिंटरशी लिनक्सने बोलायचं कसं, हे विषय तर आम्हाला हवेच आहेत.

सोवळ्याच्या मुद्द्याला डेबियनने, म्हणजे लिनक्सचं एक वितरण बनवणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने, फार समजूतदार उत्तर दिलं आहे असं मला वाटतं. १९९७ च्या त्यांच्या सामाजिक करारातच लिहिलेलं आहे की आमच्या काही वापरकर्त्यांना मुक्त नसलेलं सॉफ्टवेअर लागतं हे आम्ही जाणतो. ते ठेवायला वेगळी जागा आहे, पण ते डेबियनचा भाग नाही. २०२२ मध्ये मतदान घेऊन त्यांनी बंद फर्मवेअर (हार्डवेअरच्या चिपला चालायला लागणारं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म या आवृत्तीपासून ते लागू झालं. आमच्या इन्स्टॉलच्या दिवशी हे मी दर वेळी अनुभवते. सांगलीहून नाहीतर नांदेडहून शिकायला आलेला मुलगा सेकंडहँड लॅपटॉप घेऊन येतो, वायफायच्या चिपला बंद फर्मवेअर लागतं, ते घातल्याशिवाय त्याचं गाडं पुढे सरकत नाही. आम्ही घालतो. घालताना काय घातलं आणि ते बंद आहे हेही सांगतो. त्याची अडचण सोडवण्यात आणि कंपनीला पाऊण तास मंच देण्यात मला कुठलीही विसंगती दिसत नाही. पहिल्यात मुलगा मागतो म्हणून आपण देतो. दुसऱ्यात विकणारा पैसे देतो म्हणून आपण मुलांना बसवून ठेवतो.

कडेचे प्रश्न राहतात. काही सॉफ्टवेअर आधी खुलं असतं आणि मग परवाना बदलून बंधनं घालतं. सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्मने ऑगस्ट २०२३ मध्ये परवाना बदलला आणि त्यातून ओपनटोफू ही खुली शाखा निघाली. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बदलला, त्यातून व्हॅल्की निघालं, आणि पुढच्या वर्षी रेडिस एजीपीएल हा खुला परवाना घेऊन परतही आलं. अशा वेळी ज्या दिवशी दाखवायचं त्या दिवशी त्या आवृत्तीचा परवाना काय, एवढंच बघावं. एआयच्या मॉडेलांचं जरा वेगळं. मेटा कंपनीच्या लामासारख्या मॉडेलचे वेट्स, म्हणजे शिकवणीतून तयार झालेले आकडे, उतरवून आपल्या मशीनवर चालवता येतात, पण परवान्यात महिना सत्तर कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांसाठी वेगळी अट आहे, वापरावर बंधनं आहेत, आणि शिकवणीचा डेटा मिळत नाही. ते दाखवायला माझी ना नाही, पण कार्यक्रमाच्या यादीत त्याच्यापुढे "ओपन सोर्स" लिहू नये.

भाड्याचं बोलायचं तर कंपनीकडून पैसे घ्यायलाच नको असं मी म्हणत नाही. ब्रुसेल्सचं फॉसडेम हे खुल्या सॉफ्टवेअरचं संमेलन स्पॉन्सर घेतं, आणि तिथे तिकीट नाही, नावनोंदणीही नाही. कर्नलमधला बहुतांश कोड आज कंपन्यांच्या पगारावर असलेले लोकच लिहितात. कंपनीचं नाव फळ्यावर लिहू, आभार मोठ्याने मानू, दाराशी त्यांचं टेबलही लावू द्यावं; ज्याला बघायचंय तो चहाच्या वेळात जाऊन बघेल. फक्त मंचावर काय होणार हे पैशावर ठरू नये. आणि तेवढ्यावर कुणी पैसे द्यायला तयार नसेल, तर नोकरी करणाऱ्यांनी दरमहा थोडे थोडे काढावेत. मी माझे काढणार आहे.

त्या कंपनीला मी गटाच्या संमतीने दोन गोष्टी विचारल्या. तुमच्या बॅकअपच्या फाइलची रचना तुम्ही प्रकाशित करता का? रेस्टिक हे बॅकअपचं खुलं सॉफ्टवेअर करतं, त्याचं संपूर्ण वर्णन कुणालाही वाचता येतं, आणि उद्या रेस्टिक बंद पडलं तरी ते वाचून दुसरा कुणी रिस्टोअरचा प्रोग्राम लिहू शकतो. आणि दुसरं, प्रॉडक्ट बाजूला ठेवून तुमचा इंजिनिअर आमच्याकडे बोलेल का? पहिल्याला उत्तर आलं, "मॅडम, सध्या आम्ही फॉरमॅट प्रकाशित करत नाही." दुसऱ्याला मात्र त्यांच्या इंजिनिअरने स्वतः फोन केला. डीडुप्लिकेशन (तोच मजकूर बॅकअपमध्ये पुन्हा पुन्हा न साठवणं) कसं चालतं यावर तो बोलायला तयार आहे. फाइल ठरावीक लांबीने कापली तर सुरुवातीला एक अक्षर वाढलं की पुढचे सगळे तुकडे बदलतात. म्हणून मजकुरावरूनच कापायच्या जागा ठरवणारा, सरकत जाणारा हॅश, म्हणजे मजकुराच्या तुकड्यावरून काढलेला छोटा आकडा, वापरतात. आरसिंकमध्ये १९९६ पासून त्याच जातीची युक्ती आहे. रेस्टिक आणि बोर्ग हे बॅकअपचं दुसरं खुलं सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने तुकडे पाडतात. तो या दोन्हींचा सोर्स पडद्यावर उघडून दाखवणार आहे. कंपनीचं नाव त्याच्या पहिल्या स्लाइडवर असेल, आणि असावंच.

मतदानासाठी मी मांडणार असलेला ठराव असा आहे: मंचावर जे चालवून दाखवायचं त्याचा सोर्स ओपन सोर्सच्या परवान्याखाली मिळायला हवा, मॉडेल असेल तर निदान वेट्स आपल्या मशीनवर चालवता यायला हवेत आणि त्याच्या अटी आधी सांगायला हव्यात, बंद सॉफ्टवेअरवर बोलायचं तर ते त्यातून डेटा बाहेर काढण्याबद्दल किंवा त्याच्याशी जुळवून घेण्याबद्दल, स्पॉन्सरला आभार आणि टेबल मिळेल, मंच मिळणार नाही. सरांना मी हे वाचून दाखवलं. टेबलाची गोष्ट त्यांना पटली, मॉडेलवाली अजून पटलेली नाही, त्यांच्या मते तिथे मी फारच सैल सोडलं आहे. त्यावर ते बैठकीत बोलणार आहेत. डीडुप्लिकेशनचं व्याख्यान मतदानाच्या आधी ठेवलं आहे, तेव्हा वेळेवर या आणि लॅपटॉपवर रेस्टिक टाकून आणा.